निवद दावलाय का

दगडूतात्यांच्या नातवाच्या जावळाला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी पाठवलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. प्रार्थनेतसुद्धा हे वाक्य मी कधी सरळ उच्चारलं नाही. ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’ असं सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणायचो आणि त्या गर्दीतून निसटून जायचो. आमच्या घरात, भावकीत आणि वरव्याच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे असंच धरून चालतात, की अण्णा आपल्या पायांनी गेले, आपल्या तोंडानं जेवले आणि आपल्याच मोहानं पडले. पाय त्यांचे होते, तोंड त्यांचं होतं. पाठवणारा मी होतो. हे एवढं लिहून झालं आणि मी उठून गॅलरीत जाऊन आलो. पुन्हा बसलोय. मध्येमध्ये उठेन, त्याला इलाज नाही.

आमचं घर विंझरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, भातखाचरांच्या कडेला होतं. पुढं पडवी, मागं गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीवरून मान वर केली की तोरणा. वेल्ह्याकडं जाणारी एसटी चढाला लागली की गिअर बदलायची, तो आवाज घरात ऐकू यायचा आणि आई त्यावरून चुलीवरचं कालवण उतरवायची. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, पावसात खेकड्याचं कालवण, आणि कुठं जायचं असलं की वरईच्या तांदळाचा भात डब्यात. आई भाकरी थापताना गीत म्हणायची. तिचा आवाज काही गोड नव्हता. पण भाकरी थापण्याच्या तालावर ते गीत असं बसायचं, की नंतर वरव्याला मंडळीत तेच गीत खंजिरीवर ऐकलं, की मला भूक लागायची.

हे गाणं घरात आलं ते अण्णांची दारू गेल्यावर. त्याआधीचं मला फार आठवत नाही, किंवा आठवायचं नाही. अण्णा प्यायले की आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन गोठ्यात बसायची, बैलाच्या अंगाला टेकून, एवढं आठवतं. मग वरवे बुद्रुकचे पाळक आमच्या आयुष्यात आले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. वेल्डिंगच्या दुकानामागं पत्र्याची शेड, तिथं त्यांची मंडळी भरायची. भाऊ लुनावरून गावोगाव फिरायचे, पावसात भिजायचे, कुणाच्याही ओसरीवर बसून प्रार्थना करायचे. अण्णांसाठी त्यांनी उपास धरले. अण्णांनी दारू सोडली, बाप्तिस्मा घेतला, आणि भाऊंनी त्यांना नियम दिले. दारूच्या दुकानावरून जायचं नाही, वाट लांब पडली तरी चालेल. जत्रेत जायचं नाही. तमाशा नाही, पत्ते नाहीत. आणि एक नियम खास अण्णांसाठी: परक्याच्या ताटावर बसण्याआधी मोठ्यानं विचारायचं, हा निवद दाखवलाय का? देवापुढं दाखवलेलं असेल, तर हात जोडायचे आणि उठायचं.

भाऊ हुशार होते. आमच्या भागात मटणाचं जेवण म्हणजे बहुतेक कुठल्या ना कुठल्या देवाला दाखवलेलंच, आणि जिथं बोकड तिथं मागच्या बाजूला बाटली. ज्यानं आधीच विचारलं तो बसतच नाही, आणि जो बसत नाही तो बाटलीपाशी पोचत नाही. हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा मला दिसायचा तो बारशाच्या, लग्नाच्या, पूजेच्या पंगतीत उभा राहिलेला माझा बाप, टोपी हातात घेतलेला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारणारा, “निवद दावलाय का ह्यो?” पोरं हसायची. गावानं त्यांना तेच नाव पाडलं. शाळेत माझा डबा उघडला, की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, “सुरेश्या, तुज्या बापाला इचार, निवद दावलाय का?” मी डबा घेऊन बाहेर जायचो.

आईला त्या हसण्याचं काही नव्हतं. तिच्या लेखी नियम म्हणजे घरावरचं छप्पर. “मला त्ये गहन काय कळत न्हाई बाबा,” ती म्हणायची, “ह्यांनी सोडली आन मी रातची झोपाया लागले, एवढं कळतं.” घरात कुणी पाहुणा आला की ती अण्णांच्या प्रश्नाची गोष्ट कौतुकानं सांगायची. अण्णा कानकोंडे व्हायचे. पण विचारायचे मात्र दरवेळी.

पुढं मी कॉलेजला भोरला राहिलो. तिथं पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत संध्याकाळी आम्ही काही जण शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबल वाचायला, जमायचो. गिरणी चालू असली की जमीन थरथरायची आणि सगळ्यांच्या केसांवर पीठ बसायचं. शिकवायला प्रभाकरदादा नावाचे तरुण शिक्षक होते. त्यांनी मला प्रथमच सांगितलं, की नियम पाळून कुणी तरत नाही. तारण कृपेनं मिळतं, फुकट मिळतं. नियम म्हणजे पांगुळगाडा, ते म्हणायचे, पोराला चालायला आलं की तो बाजूला ठेवायचा. त्या वाक्यानं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. हे मी आजही नाकारणार नाही. लहानपणापासून मला वाटायचं की देव आमच्या ताटात वाकून बघतोय. त्या खोलीत तो पहिल्यांदा माझ्याकडं बघतोय असं वाटलं. पण त्या आनंदात एक दुसरी गोष्टही मिसळलेली होती, आणि ती मला तेव्हाही माहीत होती. मला बापाच्या त्या प्रश्नातून सुटायचं होतं, आणि आता सुटायला शास्त्राचा आधार मिळाला होता.

सुट्टीत मी घरी आलो होतो. भात झोडून झालं होतं. दगडूतात्या, म्हणजे अण्णांचे धाकटे चुलतभाऊ, दुपारी पडवीत येऊन बसले.

“अण्णा, नातवाचं जावळ हाय. येत्या मंगळवारी, आंब्याखाली.”

“येतो की,” अण्णा म्हणाले. “पोराला आशीर्वाद देतो, नारळ देतो.”

“नारळ ठेव तुज्यापाशी. जेवाया ये.”

अण्णा टोपीची घडी नीट करत बसले. तात्या तंबाखू मळता मळता थांबले. “दरसाली तुज्या लावणीला म्या कंबर मोडतो का न्हाई? तुज्या चुलीवरचा भात खातो का न्हाई? तू तुज्या देवाचं नाव घेऊन वाढतोस, म्या कदी इचारलं, ह्यो कुनाला दावलाय? माज्याच भाकरीत काय इंचू हाईत?”

आतून आई म्हणाली, “तात्या, तुमी तर जाणता समदं.”

“जाणतो वैनी. म्हणून तर सवता आलो. पोरगं पाठवलं असतं तर तुमाला बरं पडलं असतं.” आणि उठताना माझ्याकडं बघून म्हणाले, “काय सायेब, तुमी तरी येनार का तुमचाबी देव रुसतो?”

मंगळवारी आई सकाळच्या एसटीनं वरव्याला गेली. बायकांची उपास-प्रार्थना होती. जाताना तिनं भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि अण्णांना म्हणाली, “नारळ द्या, पोराला हातात घ्या आन माघारी या.” अण्णांनी मान हलवली. मग आम्ही दोघं पेंढा रचायला लागलो. मी उडवीवर उभा होतो, अण्णा खालून पेंढ्या फेकत होते. आंब्याकडून हलगी वाजायला लागली होती. अण्णांनी एक पेंढी हातात धरली आणि ती फेकलीच नाही.

“सुरेश, तू शिकतोयस. शास्त्रात खरंच हाय का रं, की इचारलंच पायजे?”

“नाही अण्णा. उलट आहे. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करू नका, असं प्रेषितानं लिहून ठेवलंय.”

“खरं सांगतोस?”

“मी वाचलंय.”

“मंग भाऊ का म्हणत्यात?”

“भाऊंना भीती वाटते. ज्याला कृपा कळली त्याला कसली भीती? तुम्ही मोकळे आहात अण्णा. गुमान बसा, जेवा. तात्यांचं मन तरी राहील.”

“मोकळा,” अण्णा म्हणाले. हा शब्द त्यांनी तोंडात घोळवून पाहिला. “आन तुजी आई?”

“आईला मी सांगतो. समजावतो मी तिला.”

त्यांनी पेंढी वर फेकली. मी ती झेलली. त्या ओळीच्या पुढं शास्त्रात आणखी काही लिहिलंय. दुर्बळ भावाबद्दल लिहिलंय. आपल्या मोकळेपणानं त्याला ठेच लागत असेल तर आपण हात आवरावा असं लिहिलंय. त्या ओळी मला ठाऊक नव्हत्या असं सांगून आज सुटता आलं असतं. मला ठाऊक होत्या. गिरणीवरच्या खोलीत प्रभाकरदादांनी त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. उडवीवर उभा राहून मला फक्त एवढंच हवं होतं, की आज माझ्या शाळेच्या वर्गातल्या पोरांसमोर बापानं टोपी काढून तो प्रश्न विचारू नये.

आंब्याखाली सगळी भावकी होती. पोराचं डोकं तासून झालं होतं आणि ते हळद लावलेल्या टाळूनं मामाच्या मांडीवर रडत होतं. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता, भाकऱ्यांची चवड फडक्यात, लिंबं, कांदे. अण्णांनी नारळ दिला, पोराला घेतलं, आणि पंगत बसली तसे तेही बसले. मी पलीकडच्या रांगेत माझ्या मित्रांत बसलो. वाढपी अण्णांपाशी आला आणि सगळी पंगत गप्प झाली. खरंच गप्प झाली, हलगीवालासुद्धा थांबला. कुणीतरी लांबून ओरडलं, “इचारा की अण्णा! आमी ऐकाया थांबलोय!” अण्णांनी मान खाली घातली, भाकरी घेतली आणि रश्श्यात कुस्करायला लागले.

“आरं तिच्यायला! आलं! अण्णा माणसात आलं!”

टाळ्या पडल्या. दगडूतात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. ते नाटक नव्हतं; इतक्या वर्षांनी भाऊ त्यांच्या पंगतीला बसला होता. माझ्या शेजारचा मित्र मला कोपरानं ढोसत म्हणाला, “सुधारला की रं तुजा म्हातारा.” मला इतकं बरं वाटलं, की मी दोनदा रस्सा मागून घेतला.

जेवण झाल्यावर दोघातिघांनी अण्णांच्या गळ्यात हात टाकले आणि त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं न्यायला लागले. तिथं काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. जाता जाता अण्णा थांबले आणि मागं वळले. ते कुणाला तरी शोधत होते. पंगतीवरून त्यांची नजर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मला हाक मारता आली असती. “अण्णा, घरी चला, गुरं सोडायचीत,” एवढं पुरलं असतं. त्यांना निमित्तच हवं होतं. मी ताटातल्या हाडाकडं बघत राहिलो. तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहून टाकतो. मोकळ्या माणसाला हात धरून आणायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. वर पाहिलं तेव्हा ते ट्रॉलीमागं गेले होते.

संध्याकाळच्या एसटीनं आई आली. अण्णा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. वास अंगणातच येत होता. आई पिशवी हातात धरून उंबऱ्याशी उभी राहिली.

“जेवलात?”

“जेवलो दगडूकडं.”

“इचारलं न्हाई?”

“न्हाई.”

“का?”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी हंड्यातलं पाणी पीत होतो, आणि तांब्या तोंडाला लावून मी पीतच राहिलो. तेवढ्या वेळात अण्णांनी माझी वाट पाहिली असेल. मग म्हणाले, “मन झालं.”

आई आत गेली. चूल पेटली, भाकरी थापल्याचा आवाज आला, पण गीत आलं नाही. आईला मी सांगतो असं मी सकाळी म्हणालो होतो. त्या दिवशी म्हटलं उद्या सांगू, तिचा राग जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा पाहून वाटलं, रविवार होऊ दे.

रविवारी वरव्याच्या शेडमध्ये अण्णा आपण होऊन उभे राहिले आणि सगळं बोलले. भाऊंनी ऐकून घेतलं. “तुमाला कुणी भरीस घातलं का?” त्यांनी विचारलं. “कुणी घातलं असंल तर सांगा, ते पाप त्याच्याकडं जाईल.”

“न्हाई भाऊ. कुणी न्हाई.”

मी पुरुषांच्या चटईवर तिसऱ्या रांगेत होतो. भाऊ म्हणाले की शिस्तीप्रमाणं, पश्चात्तापाचं फळ दिसेपर्यंत अण्णांनी प्रभुभोजनापासून दूर राहावं. ज्यांना हे मान्य त्यांनी उभं राहावं. माणसं एकेक करून उभी राहायला लागली. बायकांमध्ये आई उभी राहिली, पदर तोंडाला लावून. आई उठलेली पाहिली आणि मीही उभा राहिलो. माझ्या दृष्टीनं तोवर नियम पांगुळगाडा होता. त्या शेडमध्ये मात्र त्या नियमाच्या आडोशाला उभं राहणं मला फार सोयीचं गेलं.

त्यानंतर अण्णा कितीतरी रविवार शेवटच्या चटईवर बसायचे. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट रांगेतून फिरत यायचं, त्यांच्यापाशी आलं की शेजारचा माणूस त्यांच्या गुडघ्यावरून हात लांब करून ते पुढच्याला द्यायचा. महिने महिने ते प्यायचे नाहीत, मग एखाद्या दिवशी प्यायचे, आणि गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मग त्यांनी वरव्याला येणंच सोडलं. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त एकदा, पुढच्या लावणीत, बांधावर विडी ओढता ओढता म्हणाले, “सुरेश, ती तुजी ओळ हाय न्हवं, खावा म्हणून, तिच्या फुडं काय लिवलंय रं?”

“तसंच काहीतरी आहे,” मी म्हणालो.

ते हसले. त्यांना कुणी वाचून दाखवलं होतं का, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

शेवटी त्यांचं यकृत गेलं. भोरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. भाऊ तोवर म्हातारे झाले होते, लुना सुटली होती, तरी एसटीनं आले. रुमालात भाकरीचा तुकडा आणि छोट्या बाटलीत द्राक्षरस घेऊन आले होते. नियम कुणी केला होता, तर भाऊंनीच. आणि तो मोडायला भाऊच आले होते. “घ्या अण्णा,” ते म्हणाले, “मी देतोय.” अण्णांनी मान हलवली. “मंडळी उबी ऱ्हायली व्हती भाऊ. तुमी एकलं कसं देनार? समद्यांनी मिळून द्यायचं आस्तं त्ये.” भाऊंनी फार विनवलं. मी कॉटच्या पायथ्याशी होतो. त्या क्षणी मी बोललो असतो, की यांना मी पाठवलं, शिस्त लावायची ती मला लावा, तर अण्णांनी तो तुकडा घेतला असता का? मला माहीत नाही. हे माहीत नसणं मला झोपू देत नाही. मी पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा भाऊ रुमालाची घडी घालत होते.

आता मी त्याच मंडळीत ‘वडील’ म्हणून, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक म्हणून, बसतो. शेड गेली, स्लॅबची इमारत झाली. मागच्या महिन्यात वरव्याच्या एका कंपनीत कामाला जाणारी सुनीता उपासनेनंतर थांबली. “काका, कंपनीत सत्यनारायण हाय. सुपरवायझर हातात प्रसाद देतो. घेतला तर मन खातं, न घ्यावा तर बायका बोलत्यात. काय करू?” मी म्हटलं, प्रार्थना कर. ती मोबाईल पर्समध्ये टाकून निघून गेली. तिला उत्तर हवं होतं आणि ते द्यायचं माझं काम होतं. घे म्हणावं तर मला ट्रॉली दिसते. घेऊ नको म्हणावं तर गुडघ्यावरून पुढं जाणारं ते ताट दिसतं. भाऊंच्या नियमानं अण्णांना वर्षानुवर्षं उभं ठेवलं, हे खरं. पडल्यावर त्याच नियमानं त्यांना आत येऊ दिलं नाही, हेही खरं. प्रभाकरदादांनी शिकवलेली कृपा खरी होती. मी तिच्यावर आजही जगतो. आणि ती मी बापाच्या हातात दिली ती स्वतःची लाज झाकायला, हेही तितकंच खरं. सगळं समोर मांडतो आणि त्याचा मेळ लागत नाही. सुनीताला निदान ही गोष्ट तरी सांगायला हवी होती. पण ती तिला सांगायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगावी लागेल.

आई आमच्याकडं भोरला असते. थकली आहे, पण कान शाबूत आहेत. माझ्या मुलीनं बाहेरून काही खाऊन आल्याचं सांगितलं, की ती अण्णांची गोष्ट सांगते. “तुजा आजा लई चांगला व्हता, पण जिभेपायी गेला. दिलेला शब्द त्याला पाळता आला न्हाई.” एवढ्या वर्षांत तिनं अण्णांना माफ केलेलं नाही. त्यांच्या वर्षदिनाला ती कबरीवर फुलं ठेवायला येत नाही, पाय दुखतात म्हणते. मी एकटा जातो.

आज सकाळी हे लिहिता लिहिता मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. बराच वेळ बसलो तशी म्हणाली, “काय रं, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. चहा ठेवू?” ती म्हणाली, “ठेव.” मी चहा ठेवला.

अण्णा मोहानं गेले नव्हते, मी जा म्हटलं म्हणून गेले, आणि शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, हे मला आईला सांगायचं आहे. मग मंडळीपुढं उभं राहून सांगायचं आहे. ह्यातलं एकही मी अजून केलेलं नाही.